नाव ठेवण्याआधी

मराठीत ‘नाव ठेवणं’ वेगळं आणि ‘नावं ठेवणं’ वेगळं. फरक एका अनुस्वाराचा, पण पहिल्यात बारसं असतं आणि दुसऱ्यात निंदा. आमच्या गल्लीतल्या पोरांनी आपापल्या मोटरसायकलींना नावं ठेवली आहेत आणि आम्ही बायका त्या पोरांना नावं ठेवतो. दोन्ही कामं रोज चालू असतात.

एका गाडीचं नाव धन्नो. ‘शोले’ आला १९७५ साली, तेव्हा या पोराचा जन्मच काय, त्याच्या आईबापांचं लग्नही झालेलं नव्हतं. पण बसंतीची घोडी त्याच्यापर्यंत पोचली. दुसरी गाडी वाघीण, तिसरी नुसती काळी. एकाने आजीला लाडाने हाक मारायचे तेच नाव गाडीला दिलंय, आणि आजी त्यावर खूशही आहे. कारण विचारलं तर पोरं लाजतात, “असंच की, अक्का” म्हणून किक मारतात.

गेल्या दशलक्षण पर्वात, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, बस्तीत आमचा स्वाध्याय चालू होता. ‘माझं काहीच नाही’ हा त्या दिवसाचा विषय. बोलता बोलता एक वयस्कर बाई म्हणाल्या, “गाडीला राणी म्हणायचं, तिला न्हाऊ घालायचं, तिच्याशी बोलायचं. अजीवाला जीव मानलं की झालं ना मिथ्यात्व!” त्यांची सून शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “अत्ती, माया करतोय की तो. त्यात कुणाचं काय वाईट झालं?” सासू गप्प झाल्या नाहीत आणि सूनही. मला दोघींचं पटत होतं, म्हणून घरी आल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना. निर्जीव वस्तूला नाव देऊन तिच्यावर माया करण्यात दोष आहे का? आणि नसेल, तर ती माया पुण्याची आहे का?

वस्तूवर नाव घालायची सवय आपल्यालाही आहे. आपल्या आईच्या रुखवतातला पितळी डबा काढून बघा. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं, कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं. पण ते नाव डब्याचं नाही, आपलं आहे. लग्नकार्यात भांडी मिसळली तर परत मिळावीत एवढाच त्याचा उपयोग. डबा कुणाचा, हे ते नाव सांगतं. गाडीला धन्नो म्हटलं की मात्र ती कुणाची हे कळत नाही, ती ‘कोण’ आहे हे कळतं. वस्तू ‘काय’वरून ‘कोण’वर येते, ती अशी.

शेतकऱ्याच्या घरी बैलाला सर्जा म्हणतात, राजा म्हणतात. बेंदराला त्यांची शिंगं रंगवतात, पुरणपोळी भरवतात. पण सर्जा हाकेला कान हलवतो. त्याला भूक आहे, चाबूक लागला तर वेदना आहे. आपल्या शास्त्रात तो पंचेंद्रिय जीव. त्याला नाव देणं म्हणजे जे आहे ते ओळखणं. बजाज कंपनीने १९७२ साली स्कूटर काढली आणि तिला राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव दिलं, चेतक. घोड्याचं नाव स्कूटरला आलं, घोड्याचा जीव काही आला नाही. तरी घरोघरी ती स्कूटर घरच्यासारखी वागवली गेली, हे माझ्या वयाच्या बायकांना सांगायला नको.

मग त्या सासूबाईंचा आक्षेप खरा का? मला वाटतं, इथे आपले आचार्य त्यांच्यापेक्षा उदार आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात चार निक्षेप येतात: नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. कुणी आपल्या मुलाचं नाव इंद्र ठेवलं, तर तो स्वर्गाचा राजा नसतो. पण त्याला इंद्र म्हणून हाक मारणारी आई खोटंही बोलत नसते. हा नामनिक्षेप. सत्याचे जे दहा प्रकार सांगितलेत, त्यांत नामसत्य म्हणून एक वेगळा प्रकारच आहे. व्यवहारासाठी ठेवलेल्या नावात गुण असलाच पाहिजे अशी अट नाही. तेव्हा धन्नो म्हटल्याने मिथ्यात्व लागत नाही. पोराला पक्कं ठाऊक आहे की ती लोखंड, रबर आणि पेट्रोल आहे. धन्नोला ताप आला म्हणून तो डॉक्टर बोलावत नाही, मेकॅनिकच बोलावतो.

नावाच्या पुढची पायरी स्थापनेची. राजस्थानात पालीजवळ जोधपूरच्या रस्त्यावर एक ठाणं आहे. तिथे काचेच्या पेटीत एक बुलेट मोटरसायकल उभी आहे, नंबर आरएनजे ७७७३. ओमसिंह राठोड नावाचा तरुण त्या गाडीवरून जाताना तिथे अपघातात गेला. पोलिसांनी नेलेली गाडी पुन्हा आपोआप त्याच जागी येऊन उभी राहिली, अशी लोकांची श्रद्धा आहे. येणारे-जाणारे वाहनचालक थांबतात, हात जोडतात, हार घालतात. त्या गाडीत आता लोक गेलेल्या माणसाला बघतात. ती श्रद्धा आपली नव्हे. पण माणसाचं मन वस्तूत माणूस कसा बसवतं, हे तिथे उघड दिसतं. गल्लीतल्या काळीवर आणि धन्नोवर हेच घडतं, फक्त कमी प्रमाणात.

इथपर्यंत मी सुनेच्या बाजूने आले. पण आपल्याकडे एक कथा आहे, ती आठवली की सहज सुटका होत नाही.

यशोधर राजाची कथा लहानपणी आपण सगळ्यांनीच ऐकलेली. सोमदेवसूरींनी ९५९ साली ‘यशस्तिलकचंपू’त ती संस्कृतात सांगितली, जन्न कवीने १२०९ साली कन्नडात. उज्जयिनीचा राजा यशोधर. त्याला वाईट स्वप्न पडतं, आणि आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे. राजा जीव मारायला तयार नसतो. आईचा आग्रह सुटत नाही. शेवटी मधला मार्ग निघतो, पिठाचा कोंबडा करायचा आणि त्याचा बळी द्यायचा. पिठात कुठला जीव? रक्त नाही, ओरडणं नाही. पण त्या एका कृत्यापायी मायलेकांना मोर, कुत्रा असे एकामागून एक पशुपक्ष्यांचे जन्म घ्यावे लागले, आणि पुन्हा पुन्हा मरावं लागलं. कारण पीठ निर्जीव असलं तरी ‘मी कोंबडा कापतोय’ हा संकल्प निर्जीव नव्हता.

आता बघा, अडचण कुठे येते. निर्जीव कोंबड्यावर चालवलेली सुरी जर हिंसा ठरते, तर निर्जीव गाडीवर फिरवलेला मायेचा हात दया का ठरू नये? भाव महत्त्वाचा असेल तर तो दोन्हीकडे महत्त्वाचा हवा. पाप मोजताना भाव धरायचा आणि पुण्य मोजताना ‘अगं, ती तर लोखंडाची’ म्हणायचं, हा कुठला न्याय?

मी यावर बरेच दिवस विचार केला. मला जे उत्तर सुचलं ते असं.

दयेला समोरच्याचं दुःख लागतं. त्याला लागतंय, त्याला भीती वाटतेय, त्याला जगायचंय, हे कळलं आणि आपण हललो, तर ती दया. गाडीला दुःखच नाही. तिच्यावर ओरखडा उठला की कळ येते ती मालकाला. म्हणजे गाडीवरची माया ही फिरून आपल्याचकडे येणारी आहे. तिचं शास्त्रातलं नाव राग, म्हणजे आसक्ती. पिठाच्या कोंबड्यात यशोधराचा संकल्प खऱ्या जिवाकडे बघून होता. त्याच्या मनात खरा कोंबडा होता आणि हातात पिठाचा. तोच नियम गाडीला लावला तर प्रश्न असा होतो: हातात लोखंड आहे, पण मनात कोण आहे? मनात एखादा खरा जीव असेल, तर ती माया वाया जात नाही. मनात फक्त ‘माझी’ असेल, तर कितीही गोड नाव दिलं तरी ते परिग्रहाचं नाव.

आणि ‘माझी’चं नाव आपल्या बायकांना नवीन नाही. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नवीन नाव आपल्यातल्या कित्येकींनी वाचलं आहे. कुणाला ते आवडलंही असेल. पण नाव ज्याने ठेवलं त्याचा हक्क झाला, हे त्या ताटातच ठरून जायचं. गल्लीतल्या गाड्यांची नावं बहुतेक बायकांचीच का असतात, आणि “ही माझी दुसरी बायको” म्हणून पुरुष का हसतात, हे त्या ताटाशी जोडून बघावं. ज्याला उलट बोलता येत नाही त्याला नाव देणं सोपं जातं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला आमच्या भागात गाड्या धुऊन हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि गाडीपुढे कोहळा फोडतात. कोहळ्याच्या पोटात कुंकू भरलेलं असतं, फुटला की रस्ता लाल होतो. ते लाल कशासाठी, हे यशोधराची कथा ऐकलेल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. पण कथा बाजूला ठेवली तरी पुढची गोष्ट डोळ्यांना दिसते. फुटलेला कोहळा रस्त्यावरच राहतो आणि संध्याकाळी दुसऱ्या कुणाची गाडी त्यावरून घसरते. माझ्या गाडीचं कल्याण व्हावं म्हणून केलेल्या पूजेत दुसऱ्याचा मुलगा गुडघा फोडून घेतो. मायेची वाट चुकली म्हणतात ती अशी.

मग वस्तू कशीही वापरायची का? तसंही आपला धर्म सांगत नाही. मुनींच्या पाच समितींत एक आदाननिक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना बघून, झाडून, सावकाश. कमंडलू ठेवायचा तरी आधी पिच्छीने जागा हळूच झाडायची. ही काळजी कमंडलूसाठी नाही, त्याच्याखाली सापडू शकणाऱ्या मुंगीसाठी आहे. जपणूक वस्तूची दिसते, पण पोचते जिवाला. म्हणूनच मुनी वाहनात बसत नाहीत, चार महिने एका जागी राहतात आणि एरवी पायी विहार करतात.

आपण गृहस्थ. आपल्याला दवाखाना, शाळा, बाजार आहे, गाडी लागते. पावसाळ्यात संध्याकाळी गाडीवरून आलेल्या पोराच्या शर्टावर बघा, किती किडे चिकटलेले असतात. ती आरंभी हिंसा, गृहस्थाला पुरती टळत नाही. पण गाडी रोज पुसणाऱ्या पोराने ती चालू करण्याआधी एकदा वाकून खाली बघावं. सावलीला कुत्र्याचं पिल्लू निजलेलं असतं. थंडीत इंजिनाच्या उबेला मांजर बसतं. पावसात चाकाशी बेडूक असतो. पुसणं आणि बघणं, दोन्हीला वाकावंच लागतं. त्याच वाकण्यात थोडी नजर इकडे-तिकडे गेली, की रागाची दया व्हायला लागते.

नाव ठेवणारे सगळेच आसक्त असतात, असंही नाही. अरबस्तानातल्या लढाईमुळे जगाला माहीत झालेला टी. ई. लॉरेन्स हा इंग्रज मोटरसायकलवेडा होता. ब्रफ सुपीरियर नावाच्या महागड्या मोटरसायकली त्याच्याकडे एकामागून एक सात झाल्या. त्यांना तो जॉर्ज म्हणायचा, पहिला जॉर्ज, दुसरा जॉर्ज, असं सातव्यापर्यंत. बायबलमधून घेतलेलं ‘बोअनर्जेस’ हेही नाव तो वापरायचा, त्याचा अर्थ मेघगर्जनेचे पुत्र. १९३५च्या मे महिन्यात डॉर्सेटमध्ये आपल्या घराजवळच्या रस्त्यावर त्याला अचानक सायकलवरची दोन मुलं समोर दिसली. त्यांना वाचवायला त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. सहा दिवसांनी तो वारला. त्या क्षणी जॉर्जचं काय होईल हा विचार त्याच्या हातांनी केला नाही. सात गाड्यांना नावं देणाऱ्या माणसाने दोन अनोळखी मुलांसाठी गाडी सोडून दिली. लढाईच्या वाटेने गेलेला माणूस, त्याचं सगळं काही आपल्याला पटणार नाही. पण या एका गोष्टीत त्याची माया योग्य ठिकाणी पोचली.

त्याच्या उशाशी जे डॉक्टर होते त्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. लॉरेन्सच्या डोक्याला मार लागला होता, आणि केर्न्स त्याला वाचवू शकले नाहीत. पण ते तिथे थांबले नाहीत. मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा त्यांनी अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटचं महत्त्व सांगणारा लेख प्रसिद्ध केला. पुढे ब्रिटिश सैन्यातल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. आपल्याकडेही १९८८च्या मोटर वाहन कायद्यातलं १२९वं कलम हेल्मेट घाला म्हणतं. केर्न्सनी कुठल्या गाडीला नाव ठेवल्याचं मी वाचलेलं नाही. त्यांची नजर गाडीवरच्या डोक्याकडे होती.

आणि आमच्या गल्लीत? हेल्मेट आरशाला अडकवलेलं असतं. म्हणजे ते वाघिणीने घातलेलं असतं, पोराचं डोकं उघडं. गाडीवर उन्हापावसाचं आच्छादन, टाकीला ओरखडा पडू नये म्हणून पारदर्शक चिकटपट्टी, सीटला वेगळी गवसणी. जिवाला काहीच नाही. पोराने आधी जीव ओळखायला हवा तो स्वतःचा, मग मागे बसलेल्या बहिणीचा. “अक्का, केस बिघडतात” म्हणणाऱ्या पोरीही आहेत, हे सांगून टाकते, नाहीतर म्हणाल पोरांनाच नावं ठेवते.

आता नावाची दुसरी बाजू, सोडण्याची. आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत. त्यांच्या यजमानांची येझदी होती, म्हैसूरच्या कारखान्यातली. तो कारखाना १९९६ साली बंद पडला, त्यामुळे ते तर तिला फारच जपायचे. तिला त्यांनी एक लाडाचं नाव ठेवलं होतं. यजमान गेले आणि गाडी परड्यात उभी राहिली. टायर बसले, टाकी गंजली. मुलगा विकूया म्हणाला की बाई उठून आत जायच्या. “मोटरसायकल विकली असती रे,” असं त्या म्हणायच्या, “तिला कसं विकू?” वर्षं गेली. पाहुण्यांनी परड्यात जाऊ नये म्हणून त्या दाराला कडी घालू लागल्या. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची खूण वस्तूंच्या ढिगावर ठरवलेली नाही, मनाच्या मूर्च्छेवर ठरवलेली आहे. एका गंजक्या गाडीवर एवढी मूर्च्छा मी दुसरी पाहिली नाही, आणि तिला नावं ठेवायचं धैर्यही मला झालं नाही. ते दुःख होतं, हौस नव्हती.

एके दिवशी गॅरेजमध्ये काम शिकणारा एक मुलगा आला. जुन्या दोन-स्ट्रोक गाड्यांचं काम शिकायचंय, ही खोलून बघू का, म्हणाला. बाईंनी चार दिवस उत्तर दिलं नाही. मग कडी काढली आणि गाडी त्याला देऊन टाकली, पैसे न घेता. मी विचारलं, “नाव सांगितलंत का त्याला?” त्या म्हणाल्या, “नाही. गाडी दिली, नाव तेवढं ठेवलं.”

ते ठेवलेलं नाव मोठा परिग्रह की लहान, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण कडी निघाली, आणि एका मुलाच्या हाताला काम मिळालं, एवढं नक्की.

यावरून दोन मित्र आठवतात. १९५२ साली अर्जेंटिनाचे आल्बेर्तो ग्रानादो आणि चे गव्हेरा दक्षिण अमेरिका बघायला निघाले, ते ग्रानादोच्या जुन्या नॉर्टन मोटरसायकलवरून. तिचं नाव ‘ला पोदेरोसा’, म्हणजे ताकदवान बाई. ताकदवान बाई वाटेत वारंवार पडली आणि चिली देशात कायमची थकली. तिला तिथेच सोडून दोघं पायी, ट्रकमधून पुढे गेले. त्या पायी वाटेवर त्यांना खाणीतले मजूर भेटले, पुढे पेरूमध्ये कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत त्यांनी काही दिवस काम केलं. गव्हेरा नंतर शस्त्राच्या वाटेने गेला, ती वाट आपली नव्हे. पण गाडी सुटल्यावर माणसं दिसायला लागली, एवढं त्या प्रवासातून घेण्यासारखं आहे.

तेव्हा मी आता गल्लीतल्या पोरांना गाडीच्या नावावरून नावं ठेवायचं सोडलं आहे. स्वाध्यायातल्या त्या सासूबाईंनाही तेच सांगितलं. नावात मिथ्यात्व नाही. बघायचं ते एवढंच, की नावाने जागलेली माया किती लांब जाते. गाडीपाशीच थांबते, की चाकाखालच्या बेडकापर्यंत, समोरून येणाऱ्या सायकलवाल्यापर्यंत, मागे बसलेल्या बहिणीच्या डोक्यापर्यंत जाते? आणि वेळ आली की गाडी सोडता येते का?

परिग्रहपरिमाणाचं व्रत घेताना वहीत घर, शेत, सोनं, भांडी लिहितो तशी वाहनंही लिहायची असतात. तिथे धन्नो असं लिहून चालत नाही, ‘मोटरसायकल एक’ असंच लिहावं लागतं. आपल्या घरी कुणी नाव ठेवलेली गाडी असेल, तर या पर्वात त्याच्याकडून ती एक ओळ लिहून घ्या. लिहिताना त्याचा हात अडखळला तर रागावू नका. जवळ बसा, आणि आरशाला अडकवलेलं हेल्मेट काढून त्याच्या हातात द्या.